सीटखालचं पाणी: जुनी कन्व्हर्टिबल, भिजलेलं कार्ड आणि पप्पांचा व्हिडिओ कॉल

(या भागाचं लिखित रूप. बोललोय तसंच बऱ्यापैकी ठेवलंय, फक्त मधले "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

हेडफोन लावलेत का? लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल, नाहीतर माझ्यासारखे भांडी घासत ऐकत असाल, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय थोडा विचित्र आहे. जुन्या, उघड्या छताच्या स्पोर्ट्स कारमध्ये पाणी शिरलं आणि तिचं इलेक्ट्रॉनिक्स भिजलं तर काय करायचं. आता तुम्ही म्हणाल, "भावा, आमच्याकडे ॲक्टिव्हा आहे, आम्हाला काय करायचंय?" थांबा. यात तुमच्या फोनचा विषय आहे, घरच्या सनरूफवाल्या गाडीचा विषय आहे, आणि मी केलेल्या एका चुकीचाही आहे. शेवटपर्यंत ऐका.

तर झालं असं. मी सध्या जर्मनीत, श्टुटगार्टला असतो. जाता जाता सांगतो, श्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, पाऊस मात्र दोघींचा वेगळा. इथे जुन्या गाड्या आपल्या मानाने स्वस्त मिळतात. दोन वर्षांपूर्वी मी एक २००२ ची दोन सीटांची, कापडी छताची गाडी घेतली. सहा हजार युरोंना. कंपनीचं नाव घेत नाही, कारण जे सांगणार आहे ते जवळपास सगळ्याच जुन्या कन्व्हर्टिबलना लागू होतं. घरी सांगितलं, "सेकंडहँड गाडी घेतलीय." छत उघडतं हे सांगितलं नाही. किंमतही सांगितली नाही.

गेल्या वर्षी जुलैमध्ये मी दोन आठवडे बाहेरगावी होतो. गाडी रस्त्याकडेला, लिंडनच्या झाडाखाली. मधल्या काळात दोन-तीन जोरदार वादळी पाऊस झाले. परत आलो तो शनिवार होता. रिमोटचं बटण दाबलं, काहीच नाही. चावीने दार उघडलं, तर आतून ओल्या गोणपाटासारखा वास. पाय ठेवला आणि कार्पेटमधून पचकन पाणी वर आलं.

आता इथे मी पहिली चूक केली, आणि ती सगळ्यात मोठी होती. मी चावी फिरवली. डॅशबोर्डवरचे दिवे नाचले, एक लाल दिवा भराभर लुकलुकला, इंजिन काही सुरू झालं नाही. म्हणून मी परत फिरवली. मग परत. सहा-सात वेळा तरी फिरवली असेल. आपण लिफ्टचं बटण दाबत राहतो ना, तसं.

पाणी आत आलं कुठून?

आधी हे समजून घेऊ. आपल्याला वाटतं छत फाटलं असेल. बहुतेक वेळा छत ठणठणीत असतं. कापडी छतावर पडलेलं पाणी उतारावरून मागे जातं. छताच्या मागच्या कडेला, आतल्या बाजूला पन्हाळीसारखी खोलगट जागा असते. पाणी तिथे जमावं अशीच रचना असते. तिथून दोन्ही बाजूंना रबरी नळ्या खाली जातात आणि साधारण मागच्या चाकांच्या पुढे गाडीखाली उघडतात. म्हणजे पाणी गाडीच्या पोटातून वाहून जातं, फक्त आपल्याला दिसत नाही.

मझदा एमएक्स-५ घ्या. १९८९ मध्ये शिकागोच्या ऑटो शोमध्ये ही गाडी पहिल्यांदा दाखवली गेली, आणि २०१६ मध्ये दहा लाखावी तयार झाली. जगातली सगळ्यात जास्त खपलेली दोन सीटांची स्पोर्ट्स कार. तिच्यातही सीटच्या मागे दोन बाजूंना अशाच निचऱ्याच्या वाटा असतात, आणि तिचे जुने मालक तुम्हाला पहिला सल्ला हाच देतील, की बाबा, त्या साफ ठेव.

कारण त्या तुंबतात. झाडाची फुलं, पानं, परागकण, धूळ, छताच्या कापडाचे धागे, सगळं मिळून आत एक चिखलाचं बूच बसतं. मग पन्हाळ भरते, आणि भरली की पाणी आत, सीटच्या मागून खाली. घराच्या गच्चीवरचा पाइप तुंबला की पाणी जिन्यातून येतं ना, अगदी तसंच.

आणि मग खरी गंमत. गाडीच्या कार्पेटखाली जाड फोम असतो. तो पाणी पितो आणि धरून ठेवतो. वरून कार्पेट दोन दिवसांत कोरडं लागतं, खाली महिनाभर ओलं असतं. गाडीतली सगळ्यात खोल जागा कुठली? सीटखालची. आणि दोन सीटांच्या छोट्या गाडीत जागाच नसते, म्हणून कंपन्यांनी महत्त्वाची कार्डं कुठे बसवली? बरोबर. माझ्या गाडीत सीटखाली एक काळा डबा आहे. सेंट्रल लॉकिंग, अलार्म आणि इमोबिलायझर, सगळं त्या एका डब्यात. काही गाड्यांमध्ये छत उघडणारी हायड्रॉलिक मोटर मागच्या कोपऱ्यात, नेमकी पाणी साचायच्या जागी असते. तिथे छतच अडकून बसतं.

इमोबिलायझर म्हणजे गाडीचा लॉगिन

युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना इमोबिलायझर सक्तीचा झाला. त्याचं काम सोपं आहे. चावीच्या प्लास्टिकमध्ये एक छोटी चिप असते, तिला बॅटरी लागत नाही. कुलपाभोवती तारेचं एक वेटोळं असतं. चावी घातली की वेटोळं चिपला ऊर्जा देतं, चिप आपली ओळख सांगते, डबा ती तपासतो, आणि मग इंजिनच्या कॉम्प्युटरला सांगतो, "हो, आपलाच माणूस आहे, सोड." डब्याने होकार दिला नाही, तर पेट्रोल भरलेलं असो, बॅटरी नवी असो, गाडी सुरू होत नाही.

ही ओळख डब्यातल्या एका छोट्या मेमरी चिपमध्ये असते. म्हणून जुन्या गाडीतून काढलेला सेम टू सेम डबा स्वस्तात आणून लावला तरी चालत नाही. तो दुसऱ्याच चावीला ओळखतो. एकतर कंपनीच्या मशीनने कोडिंग करावं लागतं, नाहीतर जुन्या मेमरीतला डेटा नव्यात न्यावा लागतो. तुमच्या फोनमधलं सिम दुसऱ्या फोनमध्ये जातं, पण चेहऱ्याचं अनलॉक जात नाही, साधारण तसं समजा.

सोमवारी मी एका वर्कशॉपमध्ये विचारलं. त्याने डबा बघितला, झाकणातून पाणी ठिबकलं ते बघितलं आणि म्हणाला, नवा डबा, दोन चाव्या, कोडिंग, मजुरी, सगळे मिळून सतराशे युरो. आणि वर म्हणाला, "एवढ्या जुन्या गाडीवर हा खर्च करावा का, हे तुम्ही ठरवा." चुकीचं काही बोलला नाही तो. पण ते वाक्य मी आधी ऐकलं होतं. ऐकलं काय, बोललो होतो.

सांगलीतलं दुकान

माझे पप्पा सांगलीत टीव्ही आणि ॲम्प्लिफायर रिपेअरिंग करतात. छोटं दुकान, एक शटर. ऑगस्ट २०१९ चा पूर तुम्हाला आठवत असेल. आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली होती. तिथे धोक्याची पातळी ४५ फूट आहे. मी नुकताच बीटेक होऊन पुण्यात जॉबला लागलो होतो. पाणी ओसरल्यावर घरी गेलो. दुकानात गुडघाभर गाळ. लोकांचे रिपेअरला आलेले सेट चार दिवस पाण्याखाली.

आणि पप्पा काय करत होते? अंगणात बसून, नळाला पाइप लावून सर्किट बोर्ड धूत होते. पाण्याने! मी नवाकोरा इंजिनिअर, मला शॉक बसला. म्हटलं, "पप्पा, हे काय करताय? आधीच भिजलेत ना ते?" ते म्हणाले, "भिजलेत म्हणूनच धुतोय. गाळ आत वाळला तर कार्ड गेलंच म्हणून समज." मी त्यांना सरळ म्हटलं, "हे सगळं भंगारात द्या, दुकान बंद करा, मी आता कमावतोय. एवढ्या जुन्या सेटांवर वेळ घालवण्यात काय अर्थ आहे?" ते काही बोलले नाहीत. बोर्ड धूत राहिले. त्यातले बरेच सेट नंतर चालले. जे नाही चालले, त्यांची भरपाई त्यांनी पदरचे पैसे घालून केली. दुकान आजही चालू आहे.

तर सतराशे युरोचा आकडा ऐकून मी घरी आलो आणि पप्पांना व्हिडिओ कॉल लावला. आधी गाडीचं खरं सांगावं लागलं. छत उघडतं हेही सांगितलं, किंमतही सांगितली. थोडा वेळ शांतता. मग आई मागून म्हणाली, "साडेपाच लाख? आणि त्याला छप्पर नाही?" पप्पांनी पहिला प्रश्न विचारला, "बॅटरी काढलीस का?"

मी म्हटलं, नाही.

"शनिवारपासून?"

"हो."

"अरे, मग आधी जा आणि काढ. पाण्यानं कार्ड जात नाही रे, करंटनं जातं. मग फोन कर." आणि त्यांनी कॉल कट केला.

करंटने जातं म्हणजे काय?

हे नीट ऐका, कारण फोनलाही हेच लागू होतं. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही. पण गाडीत आलेलं पाणी शुद्ध कुठलं? त्यात धूळ, कार्पेटमधला मळ, आणि इथे हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते बुटांवरून आलेलं मीठ. असं पाणी बोर्डवरच्या दोन जवळच्या तारांमध्ये पूल बांधतं. त्यात व्होल्टेज असेल तर प्लसच्या बाजूचं तांबं विरघळायला लागतं आणि मायनसच्या बाजूला केसासारखे धातूचे तंतू वाढायला लागतात. ते जोडले की शॉर्ट. आणि विरघळलेल्या बाजूला ट्रॅक बारीक होत होत तुटतो. जो हिरवा थर दिसतो ना, ते तांबं असतं.

आता तुम्ही म्हणाल, गाडी बंद होती, व्होल्टेज कुठून? अलार्म आणि लॉकिंगच्या डब्याला चोवीस तास बारा व्होल्ट मिळत असतात, नाहीतर रिमोट ऐकणार कोण? जर्मन वायरिंगच्या आकृत्यांमध्ये या कायम चालू असलेल्या प्लसला "क्लेमे ३०" म्हणतात. म्हणजे मी बाहेरगावी असताना माझं कार्ड पाण्यात, करंटसकट, सतत शिजत होतं. आणि वरून मी सहा-सात वेळा चावी फिरवून भर घातली.

तर नियम एक: भिजलं की आधी पॉवर तोडा. गाडीत बॅटरीची मायनसची वायर आधी काढा. एक छोटी सूचना: डिकी किंवा बॉनेट विजेच्या बटणाने उघडत असेल तर बॅटरी काढल्यावर ते झाकण लावू नका, नाहीतर बॅटरी आत आणि तुम्ही बाहेर.

नियम दोन: सीट काढायची असेल तर सीटखालच्या पिवळ्या कनेक्टरशी खेळू नका. पिवळा म्हणजे एअरबॅग किंवा सीटबेल्टचं स्फोटक. बॅटरी काढून मॅन्युअलमध्ये सांगितलाय तेवढा वेळ थांबा, आणि खात्री नसेल तर हे काम मेकॅनिककडूनच करून घ्या. मी सीट मेकॅनिककडून काढून घेतली. त्याचे पैसे मला महाग वाटले नाहीत.

कार्ड कसं धुतलं

डबा उघडला. एका कोपऱ्यात हिरवट-पांढरा थर, कनेक्टरच्या पिना काळपट. पप्पा फोनवर, मी इकडे स्टँडवर मोबाइल लावून बसलेलो. त्यांच्याकडे रात्रीचे अकरा, माझ्याकडे संध्याकाळचे साडेसात.

पहिली गोष्ट, तांदूळ नाही. तांदळात ठेवल्याने चिपच्या पोटाखालचं पाणी बाहेर येत नाही, आणि पाणी उडालं तरी त्यातले क्षार तिथेच बसतात. पुन्हा दमट हवा लागली की ते ओले होतात आणि खेळ परत सुरू. वर तांदळाची पूड आत जाते ती वेगळीच. २०२४ मध्ये ॲपलनेही स्पष्ट सांगितलं, की भिजलेला आयफोन तांदळात ठेवू नका.

मग क्रम असा. आधी डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ टूथब्रश. क्षार पाण्यातच विरघळतात, अल्कोहोलमध्ये नीट विरघळत नाहीत, म्हणून आधी पाणी. दोन-तीनदा पाणी बदलून. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल, आपल्या रिपेअरवाल्यांच्या भाषेत आयपीए, ९९ टक्क्यांचं. ते कोपऱ्याकोपऱ्यातलं पाणी बाहेर ढकलतं आणि स्वतः उडून जातं. खिडकी उघडी ठेवा, जवळ शेगडी, सिगारेट, काही नको, ते पटकन पेट घेतं. मग वाळवणं. हेअर ड्रायर लांबून, थंड हवेवर चालेल, हीट गन अजिबात नाही. पप्पांची पद्धत म्हणजे खोक्यात साठ वॅटचा बल्ब लावून रात्रभर कार्ड ठेवायचं. माझ्या घरात सगळे एलईडी, ते गरमच होत नाहीत! शेवटी ओव्हन सगळ्यात कमी तापमानावर, पन्नास डिग्रीवर, दार थोडं उघडं ठेवून.

दुसऱ्या दिवशी मी लगेच डबा लावायला निघालो होतो. पण आयटीवाल्याची एक सवय कामी आली: आधी बॅकअप. डब्यातली आठ पायांची मेमरी चिप होती, ती एका प्रोग्रॅमरने वाचली. दोनदा वाचली, दोन्ही फाइल जुळल्या. ती फाइल म्हणजे माझ्या गाडीची ओळख. उद्या डबा मेलाच, तर जुना डबा आणून त्यात ती घालता येईल. सतराशेच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं होतं. आणि हो, हे स्वतःच्या गाडीचं, कागदपत्रं आपल्या नावावर असताना. दुसऱ्याच्या गाडीचं विचारायला मला मेसेज करू नका.

डबा लावला, बॅटरी जोडली, चावी फिरवली. लाल दिवा लुकलुकला. इंजिन नाही.

मी वैतागलो. पप्पांना म्हटलं, "नाही होत, राहू दे." ते म्हणाले, "राहू दे कशाला? भिंग आहे का? कनेक्टरच्या पिनांच्या बुडाशी बघ. डोळ्यानं नाही, मीटरनं बघ. एकेक पिन." मी चहा ठेवला आणि कंटिन्युटीवर मीटर लावून एकेक पिन तपासायला बसलो. अकराव्या पिनला बीप नाही. वरून सोल्डर चकचकीत, आणि खाली ट्रॅक खाल्लेला, केसाएवढी फट. तिथे केसासारखी तार घेऊन जंपर मारला. माझं सोल्डरिंग बघून पप्पा म्हणाले, "कॉलेजात हे शिकवत नाहीत वाटतं."

परत लावलं. चावी फिरवली. सुरू झाली.

मी काही नाचलो वगैरे नाही. नुसता बसून राहिलो. फोनवर इंजिनचा आवाज गेला असावा, कारण पप्पा म्हणाले, "झाली ना? आता बंद कर, आणि पाणी कुठून आलं ते बघ. नाहीतर पुढच्या पावसात परत मला उठवशील."

खरं सांगायचं तर सगळं ठीक झालं नाही. रिमोट आजही चालत नाही. मी चावीनेच दार उघडतो. पण सतराशेच्या जागी एकूण खर्च दोनशे युरोंच्या आत राहिला, त्यात सीट काढण्या-बसवण्याचे पैसे जास्त.

पाणी परत येऊ नये म्हणून

कार्पेट उचललं तेव्हा फोम पिळून बादलीभर पाणी निघालं. वरून पंखा लावून काही होत नाही. तळघरात डीह्युमिडिफायर लावून पाच दिवस वाळवलं. वाळवलं नाही तर बुरशी येते, आणि नव्या कार्डाचीही तीच गत होते.

नळ्या साफ करायला गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घेतली. ती लवचिक असते, टोक बोथट करून हळूहळू आत सरकवायची. कडक तार नको, नळी फाटते. वरून जोरात कॉम्प्रेसरची हवा मारू नका, आतला जोड निसटला तर पाणी थेट केबिनमध्ये. डाव्या नळीतून काळ्या चिखलाची वातच निघाली, लिंडनच्या फुलांसकट. मग अर्धा लिटर पाणी हळू ओतायचं आणि खाली वाकून बघायचं, चाकापुढे येतंय का. आता हे मी वर्षातून दोनदा करतो, वसंतात आणि पानगळीनंतर. आणि सीटखाली वॉशिंग मशीनजवळ ठेवतात तो छोटा पाण्याचा अलार्म ठेवलाय.

जुनी कन्व्हर्टिबल घ्यायची असेल, तर इंजिन बघायच्या आधी कार्पेटखाली हात घाला. वास घ्या. सकाळी आतून काचांवर वाफ धरते का विचारा. मालकासमोरच नळीत बाटलीभर पाणी ओता. त्याचा चेहरा बघूनही बरंच कळतं.

आता तुमची ॲक्टिव्हा आणि सनरूफ

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी सनरूफची गाडी आहे त्यांनी कान द्या. सनरूफसुद्धा पूर्ण पाणीबंद नसतं. रबरातून झिरपलेलं पाणी चौकटीतल्या पन्हाळीत जातं आणि कोपऱ्यांतल्या बारीक नळ्यांमधून खांबांच्या आतून खाली उतरतं. गाडी गुलमोहराखाली, कडुनिंबाखाली लावता? मग पावसाळ्याआधी सर्व्हिसला जाताना सांगा, "सनरूफचे ड्रेन साफ करा." छताच्या दिव्यातून पाणी टपकलं तर सील बदलायच्या आधी ड्रेन बघा. वायपरखालच्या जाळीत साचलेली पानंही हाताने काढा, तिथलं पाणीही तुंबलं की आत येतं.

आणि रस्त्यावर पाणी भरून गाडी बंद पडली, तर पुन्हा सेल मारू नका. इंजिनमध्ये पाणी गेलं असेल तर आतला दांडा वाकतो. माझी चूक तुम्ही मोठ्या प्रमाणात कराल. टो करून घ्या.

आणि फोन. पाण्यात पडला, तर आधी बंद करा. चार्जिंगला लावू नका. पोर्ट खाली करून हलके टॅप करा, हवेशीर जागी ठेवा, घाई नको. आयपी६८ लिहिलंय म्हणून समुद्रात नेऊ नका. ती चाचणी गोड्या पाण्यात होते, आणि वर्षं गेली, फोन दोनदा पडला की सील पूर्वीसारखं राहत नाही. तारकर्लीच्या खाऱ्या पाण्यात भिजला, तर बंद करून लगेच रिपेअरवाल्याकडे न्या, आणि त्याला स्पष्ट सांगा की खारं पाणी आहे. लपवू नका, त्यावरून त्याची सगळी पद्धत बदलते.

एक शेवटचं. मागच्या दिवाळीत मी घरी गेलो होतो. एक दिवस दुकानात बसलो. एक काका जुना टेपरेकॉर्डर घेऊन आले, त्यांच्या वडिलांचा. माझ्या तोंडावर आलं होतं, "काका, नवीन ब्लूटूथ स्पीकर घ्या." गप्प बसलो. पप्पांनी तो उघडला आणि भिंग माझ्याकडे सरकवलं. म्हणाले, "बघ, कुठं खाल्लंय ते."

तर मंडळी, आजच्यासाठी एवढंच. तुमच्या कुठल्या भिजलेल्या गोष्टीला तुम्ही वाचवलंय, किंवा नाही वाचवू शकलात, व्हॉइस नोट पाठवा. निवडक पुढच्या भागात ऐकवतो. आणि जाता जाता, नळ्या साफ करा. भेटू!